घरी बीपी मोजताना पहिल्या दिवशी दोन्ही हात तपासा

नव्या मशीनवर बहुतेक जण डाव्या हाताला पट्टा बांधतात आणि तोच आकडा धरून चालतात. पहिल्या दिवशी तरी दोन्ही दंडांवर मोजाच. वरच्या आकड्यात पाच-सात अंकांचा फरक चालतो. पण तो पुन्हा पुन्हा १५ च्या आसपास किंवा जास्त येत असेल, तर एका बाजूची रक्तवाहिनी अरुंद झालेली असू शकते. डॉक्टरांना आवर्जून सांगा. यापुढे ज्या हाताचा आकडा जास्त येतो, त्याच हातावर मोजायचं.

चहा, तंबाखू, मिश्री, जिना चढणं यानंतर अर्धा तास जाऊ द्या. लघवीला जाऊन या, मग पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून गप्प बसा. हात टेबलावर, छातीच्या पातळीला. बाही वर सारून पट्टा आवळू नका, उघड्या दंडावरच बांधा. दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागून घ्या. लहान पट्ट्यावर आकडा उगाच जास्त दिसतो. मिनिटभराने पुन्हा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा.

घरच्या मोजणीची सरासरी १३५/८५ किंवा वर राहत असेल तर वही घेऊन दवाखान्यात जा. आकडे चांगले आले म्हणून गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका, ते गोळीमुळेच चांगले असतात. १८०/१२० च्या वर आकडा आणि सोबत छातीत दुखणं, धाप, तोंड वाकडं होणं किंवा बोलणं अडखळणं असेल, तर लगेच १०८.