बंदरातला बंद पडलेला रेल्वेचा उचलता पूल: त्याचा इतिहास कसा काढायचा

आधी त्याच जागी पूर्वी काय होतं ते शोधा. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम बंदरातला ‘दे हेफ’ हा रेल्वेपूल घ्या. तिथे 1878 पासून फिरता पूल होता. फिरत्या पुलाचा मुख्य खांब ऐन पाण्यात असतो, म्हणून जहाजांना अरुंद वाटा उरतात. 1918 मध्ये एका जर्मन जहाजाने त्याला धडक दिली आणि 1927 मध्ये अभियंता पीटर योस्टिंग यांचा उचलता पूल उभा राहिला. सरळ वर जाणाऱ्या गाळ्याला, म्हणजे पुलाच्या हलत्या भागाला, मधला खांब लागत नाही.

जागेवर गेलात की मनोऱ्यांच्या माथ्यापासून खाली बघत या. माथ्यावर भल्यामोठ्या कप्प्या, त्यांवरून पोलादी दोर, एका टोकाला गाळा, दुसऱ्या टोकाला काउंटरवेट, म्हणजे गाळ्याला तोलणारं वजन. गाळा 500 टनांचा असेल तर दोन्ही मनोऱ्यांत मिळून जवळपास तितकंच वजन लटकतं; मोटरला घर्षण, वारा आणि दोरांच्या वजनातला फरक एवढंच पेलायचं असतं. काउंटरवेट साध्या काँक्रीटचं असेल तर त्याच्या घनमीटरना 2.4 ने गुणा, टनांत अंदाज मिळतो. आत लोखंड भरलेलं असलं तर हा आकडा कमी पडेल.

गाळा मुद्दाम किंचित जड ठेवतात. तो बेअरिंगवर, म्हणजे टोकाच्या टेकूंवर, घट्ट टेकला नाही तर टोकाच्या रुळांत पायरी पडते, आणि चाकं नेमकी तिथेच आदळतात. म्हणून गाळा टेकून लॉक झाल्याशिवाय गाडीला सिग्नल मिळू नये, असं इंटरलॉकिंग असतं. त्या लॉकच्या खुणा टोकाशी शोधा.

चुकतं ते वजनात. पूल बंद झाल्यावर रूळ-स्लीपर काढले की गाळा हलका होतो आणि काउंटरवेट भारी पडतं. मग वजनाचे ठोकळे कमी करावे लागतात, नाहीतर गाळा जखडून ठेवावा लागतो. आजच्या मापांवरून 1927 चं वजन सांगू नका.

पूल का बंद झाला हे पुलाच्या फायलीत क्वचितच नीट मिळतं. गाळा वर गेला की गाड्या खोळंबतात, म्हणून पर्यायी मार्गाचे कागद चाळा. रॉटरडॅमला 1993 मध्ये नदीखालून चार रुळमार्गांचा बोगदा सुरू झाला. पूल पाडायचं घाटत होतं, लोकांच्या विरोधाने तो वाचला.

पोलादावरची पाटी, पहिली गाडी, शेवटची गाडी, यांची वर्षं वेगवेगळी नोंदवा. पाटीवरचं वर्ष कित्येकदा कारखान्याचं असतं. गाळ्याची उंची देताना पाण्याची पातळी कोणती तेही लिहा. भरती-ओहोटीच्या बंदरात तोच गाळा सहा तासांनी वेगळी उंची दाखवतो.