जुन्या लोखंडी पुलांवरील फटीगचे तडे : तपासणीच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

पदवीच्या वर्गात आपण ज्या पोलादाची गणिते सोडवतो, ते यमुनेवरील १८६५ च्या नैनी पुलासारख्या पुलांच्या मूळ बांधणीत नव्हते, हे तपासणीच्या कामाला लागणाऱ्याने आधी मनात पक्के करावे. त्या काळचे घडीव लोखंड लाटताना त्यात राहून गेलेली स्लॅग (काचेसारखी मळी) धाग्यांसारखी लांबत जाई, त्यामुळे त्याला लाकडासारख्या रेषा असतात. त्यांच्या दिशेने ते भक्कम असते, जाडीच्या दिशेने मात्र कमकुवत. माझ्या पाठ्यपुस्तकात या लोखंडाला जेमतेम अर्धे पान होते आणि विचारावे तर साइटवर कोणाला वेळ नसे, त्या दिवसांची घुसमट मला अजून आठवते.

नवख्याला हमखास चकवणारी जागा एकच आहे, म्हणून तिच्याविषयी सविस्तर लिहितो. रंग खरवडून डाय पेनिट्रंट (फटीत शिरून ती दाखवणारा रंगीत द्रव) वापरले की पट्टीच्या लांबीला समांतर अशा वीतभर लाल रेषा उमटतात आणि छातीत धस्स होते. त्या बहुधा स्लॅगच्या रेषा असतात आणि पट्टीतील ताणही त्याच दिशेने जात असल्यामुळे सहसा घातक नसतात. फटीगचा, म्हणजे ताण वारंवार चढउतरल्याने पडणारा, तडा ताणाला आडवा जातो. तो रिव्हेटच्या भोकाच्या काठावर सुरू होतो, बराच काळ रिव्हेटच्या डोक्याखाली दडून राहतो आणि बाहेर डोकावला तरी नखाएवढाच दिसतो. वीतभर रेषांचे फोटो काढण्यात दुपार सरते आणि शेजारचा हा आडवा तडा नोंदवहीत येतच नाही. म्हणून रेषेच्या लांबीआधी तिची दिशा पाहावी आणि ती त्या भागातील ताणाच्या दिशेशी ताडावी. गसेट प्लेटला (अनेक पट्ट्या जिथे मिळतात तिथल्या जोडपत्र्याला) मात्र हा नियम डोळे मिटून लावू नये, कारण तिथे ताण तिरके असतात आणि प्लेट कोणत्या दिशेने लाटली आहे हे गृहीत धरता येत नाही. अल्ट्रासॉनिक यंत्रावरही एकट्यावर विसंबू नये. स्लॅगवरून परतणारे प्रतिध्वनी तड्यासारखेच भासतात.

फटीग एकूण भारापेक्षा ताणाच्या चढउतारावर आणि त्याच्या आवर्तनांवर पोसतो. लांब गाळ्याच्या मुख्य गर्डरवर एका गाडीमागे साधारण एक मोठे आवर्तन होते, तर रेल बेअररवर (रुळांखालच्या आखूड उभ्या गर्डरवर, जो आडव्या क्रॉस गर्डरवर टेकतो) जवळजवळ प्रत्येक बोगीचे होते. त्यामुळे रेल बेअरर आणि क्रॉस गर्डर यांच्या जोडातील क्लीट अँगल (काटकोनी जोडपट्ट्या) सर्वांत आधी तपासावेत. सैल रिव्हेट ओळखण्यासाठी एका डोक्याला बोट टेकवून दुसऱ्या बाजूने हलकी हातोडी मारावी. रिव्हेट सैल असेल तर बोटाला थरथर जाणवते. हे मला निवृत्तीला आलेल्या एका मिस्त्रींनी शिकवले. ड्रोनचे फोटो आणि दोन दिवसांचे प्रमाणपत्र यांपेक्षा अशा माणसामागे एक हंगाम फिरणे मोलाचे आहे, असे माझे ठाम मत आहे.

तडा सापडला म्हणून लगेच घाबरून जाण्याचे कारण नाही. अनेक पट्ट्या आणि अँगल रिव्हेटने जोडून केलेल्या भागात एका पट्टीतील तडा सहसा थेट शेजारच्या पट्टीत शिरत नाही, आणि तेवढा अवधी आपल्याला मिळतो. जिथे असा पर्यायी आधार नाही, तिथे मात्र एक दिवसही दवडू नये. अमेरिकेतील ओहायो नदीवरचा सिल्व्हर ब्रिज १५ डिसेंबर १९६७ रोजी पडला आणि ४६ माणसे गेली. तो पोलादी पूल होता, पण तो तोलून धरणाऱ्या साखळीच्या दुव्यांत जेमतेम दोन-दोन आयबार (टोकांना भोके असलेल्या पट्ट्या) होते आणि त्यांतील एकाच्या भोकाशी असलेला सुमारे अडीच मिलिमीटर खोलीचा तडा पुरेसा ठरला.

दुरुस्तीसाठी कोणी वेल्डिंग सुचवले तर घडीव लोखंडावर ते करू देऊ नये, कारण वेल्ड आक्रसताना स्लॅगच्या थरांतून लोखंड फाटते. सैल रिव्हेट काढून तिथे उच्च शक्तीचा बोल्ट पुरेसा आवळून बसवणे हा भरवशाचा उपाय आहे. तडा पुढे वाढू नये म्हणून त्याच्या टोकाशी भोक पाडायचे असेल, तर डोळ्यांना दिसणारे टोक खरे मानू नये. ते पेनिट्रंटने शोधून भोकाच्या आत येईल असे पाडावे आणि नंतर भोकाची आतली कडा पुन्हा पेनिट्रंटने तपासावी.