टेलविंड बसवलं, पण हिरवा रंग उमटेना

व्हीट या वेबसाइट बांधायच्या साधनाच्या प्रोजेक्टमध्ये टेलविंड बसवत होतो. टेलविंड म्हणजे पानाला रंगरूप देणारं सीएसएस तयार क्लासनावांवरून बनवून देणारं साधन. माझ्या जुन्या टिपणातली इनिट कमांड, म्हणजे सुरुवातीची सेटिंग फाइल बनवणारी, चालेना. जानेवारी 2025 मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीत ती काढून टाकली आहे. व्हीटसाठीचं टेलविंडचं वेगळं प्लगइन (जोडभाग) घातलं, सीएसएस फाइलीत इम्पोर्टची एक ओळ लिहिली, काम झालं.

खरा घोळ पुढे होता. पानावर ऑर्डरची स्थिती दाखवायची होती: पोचली तर हिरवा बिल्ला, रद्द झाली तर लाल. क्लासचं नाव मी कोडमध्ये तुकडे जोडून बनवत होतो: ‘बीजी’ (म्हणजे बॅकग्राउंड), मग रंगाचं व्हेरिएबल, मग रंगाच्या छटेचा आकडा 500. लाल दिसे, हिरवा नाही! ब्राउझरच्या इन्स्पेक्टरमध्ये (पानाचा कोड दाखवणाऱ्या खिडकीत) क्लास लागलेला, पण त्याचा नियमच सीएसएसमध्ये नव्हता. जुनी साठवलेली फाइल दिसत असेल म्हणून कॅशे पुसण्यात दोन तास गेले.

कारण असं: टेलविंड आपला कोड चालवून बघत नाही. फाइली साधा मजकूर म्हणून वाचतं आणि जी नावं अखंड सापडतात तेवढ्यांचंच सीएसएस तयार करतं. लाल रंगाचं नाव दुसऱ्या एका पानावर पूर्ण लिहिलेलं होतं, म्हणून तो चालला.

आता प्रत्येक स्थितीपुढे पूर्ण क्लास लिहिलेलं एक ऑब्जेक्ट ठेवलं आहे. चार ओळी वाढल्या, पण नाव शोधलं की लगेच सापडतं, आणि मला तेच जास्त आवडलं.