इंग्लंडमधल्या जुन्या तबेल्यातलं घर घेताय? आधी घोडा कुठे उभा असायचा ते शोधा

राइटमूव्ह या घरांच्या जाहिरातींच्या साइटवर घरं बघताना मधेच एखादं असं येतं की हात थांबतोच. विटांची लांब बसकी इमारत, मधे कमान, कमानीवर घड्याळाचा छोटा मनोरा, आत फरसबंदीचं अंगण आणि खाली लिहिलेलं 'ग्रेड टू लिस्टेड स्टेबल कन्व्हर्जन', म्हणजे कायद्याने संरक्षित जुन्या तबेल्याचं केलेलं घर. मला ही घरं फार आवडतात आणि इथे राहणाऱ्या आपल्या लोकांनी ती जरूर घ्यावीत असं मला वाटतं, पण नवीन इस्टेटमधलं घर बघतो तसं हे बघून चालत नाही. ही जागा मुळात घोड्यांसाठी बांधलेली, आणि तिच्यातलं जे काही चांगलं-वाईट आहे ते बहुतेक तिथूनच आलेलं असतं.

जमीनदारांनी तबेल्यांवर तेव्हा सढळ हाताने खर्च केला. डर्बीशरमधल्या चॅट्सवर्थ या मोठ्या वाड्याचा तबेला जेम्स पेनसारख्या नावाजलेल्या आर्किटेक्टने बांधला, कारण आलेल्या पाहुण्याला घरासोबत तोही दिसायचा. मग मोटारी आल्या, पागा रिकाम्या झाल्या, विसाव्या शतकात कितीतरी मोठे वाडे पाडले गेले आणि बऱ्याच ठिकाणी तबेला तेवढा उरला. ब्रायटनचा डोम हा प्रिन्स रीजंटचा (पुढचा राजा चौथा जॉर्ज) तबेला, पहिल्या महायुद्धात तिथे जखमी भारतीय सैनिकांचं हॉस्पिटल होतं आणि आता तिथे मैफली होतात, म्हणजे या इमारती नव्या वापराला छान रुळतात.

आता व्ह्यूइंगला गेलात की आधी खालच्या मजल्यावर जा. वर गवताचा माळा आणि मोतद्दारांच्या खोल्या असायच्या, घोडे आणि बग्गी खाली. घोड्याला हवा लागते पण झोत नको, म्हणून खिडक्या उंचावर आणि लहान, आणि बहुतेक उघडी बाजू अंगणाकडे. मागची भिंत कित्येकदा पूर्ण बंद असते. लंडनच्या म्यूजमध्ये, म्हणजे मोठ्या घरांच्या मागच्या गल्लीतल्या तबेल्यांमध्ये, तर मागे मोठ्या घराची बाग यायची, त्यामुळे तिकडे खिडक्याच ठेवत नसत. तेव्हा उजेड एकाच बाजूने येणार हे धरून चला, घर सकाळी बघितलं असेल तर दुपारी चारला परत बघा, शक्यतो हिवाळ्यात, आणि सगळे दिवे बंद करायला सांगा. बग्गीच्या कमानीला मोठी काच लावलेली असेल तर ती खोली भरपूर उजेडाची असते, पण ती काच एकेरी असेल आणि इमारत लिस्टेड असेल तर परवानगीशिवाय डबल ग्लेझिंग करता येणार नाही, म्हणजे हीटिंगचं बिल त्या हिशोबाने धरा.

मग जमीन बघा. नशीब चांगलं असेल तर जुन्या स्टेबल ब्रिक्स अजून दिसतात, निळसर काळ्या, वर चौकोनी खाचा पाडलेल्या, खूर घसरू नये आणि मूत वाहून जावं म्हणून. हात फिरवून बघा. अशी जमीन नालीकडे उतरती असते, त्यामुळे कपाट किंवा पलंग सरळ उभा राहत नाही. लॅमिनेट घालून वर उचलली असेल तर छताची उंची कमी झालेली असणार आणि खाली ओल कोंडलेली असू शकते.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आता, आणि ती एजंट सहसा सांगत नाही. वर्षानुवर्षं घोड्यांचं मूत आणि लीद भिंतीला लागून विटांमध्ये नायट्रेटचे क्षार मुरलेले असतात. हे क्षार हवेतला दमटपणा ओढून घेतात, म्हणून पावसाळी दिवसात भिंतीच्या खालच्या भागात गडद डाग उमटतात आणि कोरड्या हवेत ते फिके पडतात किंवा पांढरी बुरशीसारखी पूड दिसते. साधं डॅम्प मीटर विजेच्या वहनावर चालतं आणि क्षारांमुळे आकडा उगाच चढतो, मग कोणीतरी 'रायझिंग डॅम्प' म्हणून भिंतीत केमिकल इंजेक्ट करायचं कोटेशन देतं, ज्याने क्षार कुठेच जात नाहीत. वरून सिमेंटचं प्लास्टर मारलं तर ओल आतच अडकते आणि डाग जरा वर सरकून परत दिसतात. जुन्या विटा चुन्यात बसवलेल्या आहेत, त्यांना चुन्याचंच प्लास्टर हवं, किंवा मधे हवा खेळती ठेवून वेगळं अस्तर. नुकताच रंग दिलेली खालची भिंत दिसली तर नेमका कधी आणि का दिला ते विचारा, लाजू नका. सर्व्हे (घराची तांत्रिक तपासणी) लेव्हल थ्रीचाच, म्हणजे सगळ्यात सखोल, करा आणि सर्व्हेयरकडे जुन्या इमारतींच्या संवर्धनाचं अ‍ॅक्रेडिटेशन आहे ना ते बघा, लेव्हल टू इथे पुरत नाही.

लिस्टिंगबद्दल आपल्या लोकांत एक गैरसमज पक्का आहे की ग्रेड टू म्हणजे फक्त बाहेरचा दर्शनी भाग. तसं नाही, आतलंही सगळं येतं, गव्हाणी, लोखंडी खांब, भिंतीतल्या कड्या, जिना, सगळं. शिवाय तबेल्याचं नाव यादीत नसेल पण शेजारचा वाडा लिस्टेड असेल आणि तबेला त्याच्या आवारात १ जुलै १९४८ च्या आधीपासून असेल, तर तोही संरक्षित धरला जाऊ शकतो. हिस्टॉरिक इंग्लंड या सरकारी वारसा संस्थेची यादी ऑनलाइन फुकट बघता येते, कौन्सिलच्या प्लॅनिंग साइटवर पत्ता टाकला की जुने अर्जही दिसतात. ते अर्ज आणि आजचं घर समोरासमोर ठेवून बघा, कागदावर नसलेली बाथरूम किंवा स्कायलाइट दिसली तर थांबा, कारण विनापरवाना काम करणं हा गुन्हा तर आहेच, पण ते काम आधीच्या मालकाने केलेलं असलं तरी पूर्ववत करायची नोटीस तुमच्या नावाने येऊ शकते आणि त्याला कालमर्यादा नाही. कन्व्हर्जनच्या परवानगीतल्या अटीही वाचा, पुष्कळदा शेड किंवा कुंपण घालायचा नेहमीचा हक्कच काढून घेतलेला असतो.

आता अंगण. दिसतं सुंदर, पण मालकी कोणाची? एकाच तबेल्याची पाच-सहा घरं केलेली असतात, अंगण, रस्ता, कधी सेप्टिक टँक, सगळं सामायिक, आणि त्यासाठी मॅनेजमेंट कंपनी. गेल्या तीन वर्षांचे हिशोब मागा आणि छताच्या कामासाठी फंड शिल्लक आहे का ते बघा, नाहीतर आल्या आल्या मोठी वर्गणी भरावी लागते. तुमची बेडरूम शेजाऱ्याच्या कमानीवर असेल तर तो फ्लाइंग फ्रीहोल्ड झाला, काही बँका त्यावर मॉर्टगेज द्यायला कुरकुरतात, ऑफर टाकायच्या आधी ब्रोकरला सांगा. कव्हनंट्स, म्हणजे मालकीच्या कागदांतल्या बंधनकारक अटी, शब्दन् शब्द वाचा. अंगणात कपडे वाळत घालायचे नाहीत, एका घराला दोनच गाड्या, असं असू शकतं, आणि गणपतीला तुमच्याकडे अर्धं मंडळ दर्शनाला येत असेल तर तो प्रश्न आधीच सोडवलेला बरा.

पैशांचं एक, खास आपल्यासाठी. पुण्यात किंवा ठाण्यात तुमच्या किंवा जोडीदाराच्या नावावर फ्लॅट असेल तर इथे तो मोजला जातो. इथलं राहतं घर विकून हे घेत नसाल तर स्टँप ड्यूटीत घराच्या किमतीच्या ५ टक्के जादा भरावे लागू शकतात, आणि जगात कुठेही घर नावावर झालेलं असेल तर फर्स्ट टाइम बायरची सवलत मिळत नाही. वारसाने नाव लागलेलं असेल तर तेही सॉलिसिटरला पहिल्याच मीटिंगमध्ये सांगा. दुरुस्तीवर २० टक्के व्हॅट पूर्ण लागतो, लिस्टेड घरातल्या मंजूर बदलांना असलेली सूट २०१२ मध्येच गेली.

भाव करताना चुन्याच्या कामाचं आणि छताचं कोटेशन हातात ठेवा, नुसतं 'जरा कमी करा' म्हणून काही होत नाही. ऑफर मान्य झाली तरी कॉन्ट्रॅक्ट एक्सचेंज होईपर्यंत दोघंही मोकळे असतात (हे इंग्लंडचं, स्कॉटलंडची पद्धत वेगळी), त्यामुळे सर्व्हेत काही निघालं तर बोलायची वेळ तीच. इन्शुरन्स एक्सचेंजच्या दिवसापासून चालू हवा आणि तो बाजारभावावर नाही तर तशाच विटा, तसाच चुना, तशीच स्लेट वापरून परत बांधायच्या खर्चावर काढायचा, तो आकडा सर्व्हेयरकडून लेखी घ्या.