‘रिफ्रॅक्टरी’ मराठीत आणताना: कोण कोणाला जुमानत नाही?

रुग्णांसाठीच्या माहितीपत्रकांची भाषांतरं करायला नुकतीच सुरुवात केली होती, तेव्हा ‘रिफ्रॅक्टरी एपिलेप्सी’ला, म्हणजे औषधांनी आटोक्यात न येणाऱ्या फिटच्या आजाराला, मी ‘हट्टी अपस्मार’ लिहिलं. परळच्या एका रुग्णालयात ते वाचून एका आईने मला विचारलं, “म्हणजे माझा मुलगा औषध नीट घेत नाही, असं लिहिलंय का?” तो मुलगा एक गोळी चुकवत नव्हता. तिचा चेहरा अजून विसरले नाही.

तेव्हापासून ‘रिफ्रॅक्टरी’ हा इंग्रजी शब्द दिसला की मी आधी ‘जुमानणं’ हे क्रियापद लावून बघते. पोरगं बापाला जुमानत नाही, भट्टीची वीट आगीला जुमानत नाही, आजार औषधाला जुमानत नाही. तिन्ही अर्थ यात बसतात, कारण मूळ लॅटिन शब्दाचा अर्थच ‘हट्टी’. कच्च्या मसुद्यात हेच लिहा. पक्का शब्द निवडताना मात्र दोष कोणाच्या पदरात पडतोय ते तपासा.

माणसाबद्दल असेल तर लिहिणाऱ्याची बाजू ओळखा. तक्रारीचा सूर असेल तर ‘आडमुठा’, ‘हेकट’ चालतं. पण फ्रेंच राज्यक्रांतीत चर्चबद्दलच्या १७९० च्या कायद्याची शपथ ज्यांनी घेतली नाही, त्या धर्मगुरूंनाही ‘रिफ्रॅक्टरी’च म्हणत. त्यांना हेकट म्हटलं की तुम्ही सरकारचे झालात. ‘शपथ नाकारणारे धर्मगुरू’ लिहा.

विटेच्या बाबतीत हा गुण आहे. माझे वडील लालबागच्या एका गिरणीत १९८२ च्या संपापर्यंत बॉयलरवर होते. घरी ते कायम ‘फायरब्रिक’ म्हणायचे. ‘उच्चतापसह’ (खूप उष्णता सोसणारी) हा पुस्तकी शब्द त्यांच्या तोंडी कधी ऐकला नाही. ही वीट अ‍ॅल्युमिना आणि सिलिका असलेल्या खास मातीची. शुद्ध अ‍ॅल्युमिना वितळायला २००० अंश सेल्सिअसच्या वर तापमान लागतं. सांधे भरायलाही फायरक्ले, म्हणजे तशीच खास माती हवी, कारण साधं सिमेंट त्या धगीत तग धरत नाही. म्हणून पाठ्यपुस्तकासाठी ‘उच्चतापसह’ आणि भट्टी बांधणाऱ्या गवंड्यासाठी ‘फायरब्रिक’. ‘अग्निरोधक’ टाळा, त्याने आग पसरू न देणाऱ्या दारांचा, पडद्यांचा भास होतो.

आजारासाठी मराठीत सुंदर प्रयोग आहे: ‘औषधांना दाद न देणारा’. इथे रुग्णावर ठपका येत नाही. अपस्मारात याचा ठरलेला अर्थ आहे, तोही सोबत द्या: योग्य निवडलेली, सोसवणारी दोन औषधं नीट घेऊनही फिट येणं थांबलेलं नाही. पत्रक घरच्यांसाठी असेल तर ‘झटका’ नको, ‘फिट’ लिहा; लोक तेच म्हणतात.

मज्जातंतूचा ‘रिफ्रॅक्टरी पीरियड’ सर्वांत अवघड. एक संदेश गेल्यावर काही क्षण तंतू दुसरा घेत नाही. ‘प्रतिसादशून्य काळ’ फक्त पहिल्या टप्प्याला लागू पडतो. नंतरच्या टप्प्यात जोरदार उद्दीपनाला प्रतिसाद मिळतो, तिथे ‘मंदप्रतिसाद काळ’ म्हणा. ‘विश्रांतिकाळ’ नको, कारण त्या वेळी तंतूत आयनांची (विद्युतभारित कणांची) ये-जा चालूच असते.

आणि स्पेलिंग दोनदा वाचा. ‘रिफ्रॅक्टिव्ह’ असेल तर विषय अपवर्तनाचा, म्हणजे प्रकाशकिरण वळण्याचा आहे, जसा चष्म्याच्या नंबरात.