सुट्या ट्रान्झिस्टरांचा प्रोसेसर: कोकणातल्या हवेत या चुका टाळा

सुट्या ट्रान्झिस्टरांनी घरी बनवलेल्या प्रोसेसरची बेरीज चुकली की पहिला संशय सर्किटच्या आकृतीवर जातो. आकृती बहुधा बरोबरच असते. आधी ग्राउंडची (पुरवठ्याच्या ऋण टोकाला परतणारी) तार मोजा. ट्रान्झिस्टरच्या कलेक्टर या पायाला १ किलोओहमचा रोधक आणि ५ व्होल्ट पुरवठा धरला, तर चालू असलेलं गेट (शून्य-एक ठरवणारा प्रोसेसरचा छोटा घटक) ५ मिलिअँपियर खातं. अशी ८०० गेट एकदम चालू म्हणजे ४ अँपियर. २२ गेजच्या मीटरभर तारेत तेवढ्यानं सुमारे ०.२ व्होल्ट पडतात. इकडे बीसी५४७ हा नेहमीचा ट्रान्झिस्टर साधारण ०.६ व्होल्टला जागा होतो, आणि गेटच्या आउटपुटचा ‘शून्य’ मुळातच ०.१-०.२ व्होल्टचा असतो. त्यात तारेचे ०.२ मिळवले, तर उरलं काय? म्हणून प्रत्येक बोर्डाला पुरवठ्यापासून वेगळी जाड तार द्या, घरच्या वायरिंगची १.५ चौरस मिलिमीटरची चालते. बोर्डावर १००० मायक्रोफॅरड आणि दर चार-पाच गेटमागे ०.१ मायक्रोफॅरड कपॅसिटर लावा. पुरवठ्याचं ग्राउंड आणि बोर्डाचं ग्राउंड यांत ५० मिलिव्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला, तर पुढे जाऊच नका.

बीसी५४७ संपले म्हणून मध्येच २एन३९०४ हा दुसरा ट्रान्झिस्टर बसवतात. सपाट बाजू समोर धरली की पहिल्याचे पाय डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर; दुसऱ्याचे नेमके उलट. उलटा बसलेला ट्रान्झिस्टर पूर्ण बंद पडत नाही, अर्धवट चालतो, आणि हेच जास्त छळतं.

एका गेटच्या आउटपुटवर १० किलोओहमच्या रोधकातून जाणारे पाचच इनपुट ठेवा. दहा जोडले तर ‘एक’ तीन व्होल्टांच्याही खाली येतो.

आगोटीआधी ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता पाय खोचायच्या पाटीवर) सुरळीत मोजणारा काउंटर श्रावणात अडखळतो. खाऱ्या, ओल्या हवेत स्प्रिंगच्या पट्ट्यांवर थर चढतो, म्हणून कायमची जोडणी झिरो पीसीबीवर (नुसत्या भोकांच्या बोर्डावर) सोल्डर करूनच करावी. पत्र्याच्या कामाची आम्लयुक्त फ्लक्स पेस्ट तर घरातच नको; ती ओल धरते आणि शेजारच्या दोन पायांत गळती सुरू होते. रोझिन (राळेचा फ्लक्स) असलेली सोल्डर वायर घ्या, बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलनं जुन्या टूथब्रशनं धुवा, पूर्ण वाळू द्या. पूर्ण तपासणीनंतरच अॅक्रिलिक लॅकर मारा, कनेक्टर झाकून.

शेवटचं बटणाचं. एकेक पायरी चालवताना काउंटर दोन-तीन घरं उडी मारत असेल, तर तो बटणाचा थरथराट आहे; एका दाबात संपर्क अनेकदा जुळतो-तुटतो. दुतोंडी (दोन बाजूंना जोडणारा) स्विच आणि दोन नॉर गेटचा लॅच, म्हणजे पहिली स्थिती धरून ठेवणारं सर्किट, लावा.