आरपीसी राउटर स्वतः कसा लिहावा: लातूरच्या सोयाबीनचं उदाहरण घेऊन

समजा लातूरच्या आडत बाजारासाठी तुम्ही एक छोटी सेवा बांधताय. औसा, निलंगा, रेणापूरकडच्या शेतकऱ्याने मोबाइलवर सोयाबीनचा आजचा भाव विचारावा आणि आडतीवरच्या मुनीमाने आलेल्या मालाची आवक नोंदवावी, एवढंच तिचं काम. फोनमधला प्रोग्राम सर्व्हरवरचं फंक्शन आपल्या घरचंच असल्यासारखं बोलावतो, याला रिमोट प्रोसिजर कॉल, म्हणजेच आरपीसी, म्हणतात. आलेली हाक नेमक्या फंक्शनपर्यंत पोचवणारा तुकडा म्हणजे राउटर. तयार लायब्ररी आहेत, त्या जरूर वापरा. पण एकदा स्वतः लिहून बघितलात तर त्या लायब्ररी आत काय करतात ते कायमचं कळेल. इथे पायथन ही भाषा आणि जेसन-आरपीसी २.० हे मानक धरून चालू. जेसन म्हणजे माहिती साध्या मजकुरात लिहायची पद्धत, आणि त्यात विनंती-उत्तर कसं लिहायचं ते हे मानक ठरवतं.

सुरुवात नोंदवहीपासून करा. राउटरच्या पोटात एक डिक्शनरी असते: डावीकडे नाव, उजवीकडे फंक्शन. 'भाव.आजचा', 'आवक.नोंदवा' अशी विषयवार नावं ठेवा. पुढे हळद, तूर, हरभरा आला तरी गोंधळ होत नाही. इंग्रजी 'आरपीसी' आणि टिंब अशी सुरुवात असलेली नावं मात्र मानकाने स्वतःसाठी राखून ठेवलीत, ती टाळा. फंक्शनच्या डोक्यावर डेकोरेटर (@ ने सुरू होणारी ओळ) लावून नोंदणी करणं सगळ्यात सुटसुटीत.

इथे एक मोह होतो: नोंदणीची कटकट कशाला, आलेल्या नावाचं फंक्शन 'गेट-ॲट्र' (नावावरून वस्तू शोधून देणारं पायथनचं फंक्शन) वापरून थेट मॉड्यूलमधून उचलू. असं करूच नका. मग बाहेरचा कुणीही तुमच्या आतल्या, खाजगी फंक्शनला हात घालू शकतो. जे हाताने नोंदवलं तेवढंच बाहेरून दिसलं पाहिजे.

आता विनंती उघडा. तिच्यात चार गोष्टी असतात: आवृत्ती, मेथडचं (बोलवायच्या फंक्शनचं) नाव, पॅरम्स (फंक्शनला द्यायची माहिती) आणि आयडी. पॅरम्स गाळले तरी चालतात. मजकूर जेसन म्हणून वाचताच आला नाही तर चूक -३२७००. वाचता आला पण विनंतीचा साचा चुकला तर -३२६००. नाव वहीत नाही तर -३२६०१. हे आकडे मानकात ठरलेले आहेत, स्वतःचे शोधू नका. स्वतःच्या सर्व्हरच्या चुकांसाठी -३२००० ते -३२०९९ हा पट्टा मोकळा ठेवलाय.

पॅरम्स चुकीचे असतील तर -३२६०२, आणि इथे जरा थांबा. बहुतेक जण फंक्शन बोलावतात आणि 'टाइपएरर' (फंक्शनला न बसणारी माहिती मिळाली की पायथन देतो ती चूक) आला की पॅरम्स चुकले असं कळवतात. पण तोच टाइपएरर फंक्शनच्या आतल्या हिशोबातूनही येऊ शकतो: क्विंटलच्या जागी डेटाबेसमधून काहीच आलं नाही आणि तुम्ही त्याला भावाने गुणलं. चूक तुमची, आणि बोल लागला फोनवाल्याला. म्हणून बोलावण्याआधी 'इन्स्पेक्ट' मॉड्यूलचं 'सिग्नेचर' (फंक्शनला कोणते पॅरम्स लागतात त्याची यादी) घ्या आणि त्यावर 'बाइंड' चालवून पॅरम्स बसतात का ते तपासा. तिथे अडलं तर -३२६०२. त्यानंतर आत जे काही फुटेल ते -३२६०३. तपशील लॉगमध्ये लिहा, बाहेर पाठवू नका.

आयडी हा प्रश्न आणि उत्तर यांची जोडी लावण्यासाठी असतो. आयडीच नसलेली विनंती म्हणजे नोटिफिकेशन. तिला उत्तर द्यायचं नाही, चूक झाली तरी नाही. म्हणून आवक कधीही नोटिफिकेशनने घेऊ नका, नोंद झाली की नाही हे मुनीमाला कळणारच नाही. एकाच यादीतून अनेक विनंत्या आल्या तर प्रत्येकीला त्याच वाटेने पाठवा. उत्तरांचा क्रम कसाही चालतो. यादी रिकामी असेल तर -३२६०० चं एकच उत्तर द्या.

आता आपल्याकडचा खरा प्रश्न. मुनीमाने ३२ क्विंटलची आवक पाठवली, सर्व्हरवर नोंद झाली, आणि उत्तर परत येताना रेंज गेली. ॲपने विनंती पुन्हा पाठवली. आडतीच्या वहीत ६४ क्विंटल. आयडी यातून वाचवत नाही, कारण जुने आयडी लक्षात ठेवायला मानक सर्व्हरला सांगतच नाही. उपाय असा: नोंद भरतानाच फोनने एक यूयूआयडी (पुन्हा न येणारा लांबलचक ओळख-क्रमांक) तयार करावा, तीच त्या नोंदीची पावती, ती पॅरम्समधून यावी, आणि डेटाबेसच्या त्या रकान्यावर 'युनिक'ची अट (एकच मूल्य दोनदा चालत नाही) असावी. तीच पावती पुन्हा आली तर नवी नोंद न करता पहिलंच उत्तर द्या. ही तपासणी राउटरमध्ये कोंबू नका, ती आवकेच्या फंक्शनची जबाबदारी आहे. राउटरला सोयाबीन काय आणि क्विंटल काय, हे माहीतच नसावं. भाव विचारणं मात्र कितीदाही होऊ दे, त्याने काही बिघडत नाही.

ओळखपत्राची तपासणी, लॉग आणि लागलेला वेळ मोजणं ही सगळ्या मेथडना लागणारी कामं. ती राउटरभोवती मिडलवेअर म्हणून, म्हणजे प्रत्येक विनंती ज्यातून जाते असा थर म्हणून, गुंडाळा, प्रत्येक फंक्शनमध्ये चिकटवू नका. कोण आहे हे मिडलवेअरने ठरवावं. या माणसाला या आडतीची नोंद करता येते का, हे फंक्शनने.

शेवटी राउटरला मुद्दाम छळा. अर्धवट जेसन, चुकीचं नाव, एक पॅरम कमी, रिकामी यादी, नुसत्या नोटिफिकेशनची यादी, आणि एकाच पावतीची दोन नोंदणी एकाच क्षणी. नुसत्या नोटिफिकेशनच्या यादीला रिकामी यादीही परत जाता कामा नये, काहीच जाता कामा नये. आणि एकाच क्षणीच्या त्या दोन नोंदणींनंतर वहीत ३२ क्विंटलच दिसले, तरच तो मुनीमाच्या हाती द्या.